तळपायाची चुगली

“दादा माझा पाय धरणार? बाय, तू शिकलीस खूप, पण तुला मराठी येत नाही.”

“पाय धरायचा म्हणजे नुसता हात ठेवायचा हो काका. तळव्यावर. शंभर आकडे होईपर्यंत.”

“तेच ते. उद्या गावात काय बोलतील? भानुदासनं हिराजीचे पाय धरले. अकरा वर्षांनी धरले, चारचौघांत धरले.”

“मग बरंच आहे की. तुमचंच नाव होईल.”

“माझं होईल आणि त्याचं जाईल. तो मोठा भाऊ आहे माझा. भांडण आहे म्हणून काय मोठा नाही का?”

हिराजी म्हात्रे खुर्चीत बसला होता आणि त्याचा उजवा पाय समोरच्या स्टुलावर होता. वय एकोणसाठ. अंग मिठागरात भाजून कडक झालेलं, तोंड त्याहून कडक. समोर डॉक्टर शलाका कुरणे, तिशीतली, दोन रात्री नीट झोप न झालेली, तरी हसून बोलणारी. नवखार गावच्या समाजमंदिरात कातडी तपासायचं शिबिर लागलं होतं. बाहेर पथकाची गाडी उभी होती. शिबिर संध्याकाळपर्यंत होतं, पण रोग्यांना घेऊन गाडी बाराला शहराकडे निघणार होती आणि दहा वाजून गेले होते. हिराजीच्या तळव्यावरचा डाग कॅन्सरचा आहे की नाही हे त्याआधी ठरायला हवं होतं. ठरलं तर गाडीत जागा, शहरात छोटं ऑपरेशन, पाय शाबूत. नाही ठरलं तर पुढची गाडी सहा महिन्यांनी. तेवढं थांबायची सवय त्या डागाला असेलच असं नाही.

आता यात मोठ्या भावाचा हात कुठून आला, ते सांगायला हवं.

ऊन तेव्हा पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. वरच्या हवेत उन्हाची जी गाळणी असते ती विरत चालली होती. जे किरण पूर्वी वरच अडायचे ते सरळ खाली उतरून माणसाच्या कातडीत शिरत. सकाळी दहा ते दुपारी चार बाहेर पडायचं तर डगला घालायलाच लागे. डगला म्हणजे पांढऱ्या दाट विणीचा पायघोळ सदरा, हातमोजे बाहीला गुंडीनं लावायचे, टोपीला मानेपर्यंत झालर. मिठागरावर माणसं कामाला उतरली की लांबून वाटायचं, बगळ्यांची सभा भरलीय.

डगल्यानं कातडीचे कॅन्सर निम्म्यावर आणले. उरलेल्या निम्म्यासाठी चुगली आली.

चुगली हा एक जंतू. कागदावर त्याचं नाव एवढं लांबलचक की पथकातल्या माणसांचीही जीभ अडखळे. दह्यात जे जंतू असतात त्यांचाच हा भाऊबंद, प्रयोगशाळेत शिकवून तयार केलेला. एकदा अंगाला चोळला की कातडीवर मुकाट राहतो, घाम खातो, तेल खातो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण खाली एखादी पेशी बिघडली, वाट्टेल तशी वाढायला लागली, की ती जे काही सोडते त्याचा याला सुगावा लागतो आणि तेवढ्याच जागी हा निळा पडतो. कपड्यांच्या निळीसारखा चक्क निळा. आतली भानगड बाहेर सांगणारा. गाव त्याला दुसरं काय नाव ठेवणार?

बारा वर्षांपूर्वी सगळ्या जिल्ह्याला चुगली चोळून झाली होती. पथक दर सहा महिन्यांनी येऊन नकाशा करी. ज्या घरात चुगली जागी, तिथं हिरवा ठिपका. नवखारचा नकाशा हिरवागार होता. फक्त गावाबाहेर, मिठागराच्या शेवटच्या बांधावर, एक ठिपका करडा होता.

तो ठिपका म्हणजे हिराजी. शलाका काल स्वतः बांध तुडवत तिथं गेली, तेव्हा तो झोपडीच्या दारात पाय पसरून बसला होता आणि दोन्ही तळवे येणाऱ्याच्या तोंडाकडे होते. शिष्टाचार म्हणून काही नाही. पण त्यामुळेच तिला तो डाग दिसला.

“हे कधीपासून आहे, काका?”

“तीळ होय? लहानपणी एवढासा होता, मोहरीएवढा. गेल्या दोन वर्षांत वाढला.” हिराजीनं तळवा कौतुकानं उचलून दाखवला. “तळपायाचा तीळ म्हणजे परदेशप्रवास. आईनंच सांगितलं होतं. तीन वेळा पासपोर्ट नवा केलाय मी. आता तीळ वाढतोय म्हणजे लांबचा देश असणार.”

शलाकानं भिंग काढलं. “काका, हा तीळ मनात मधोमध दुमडून बघा. दोन अर्धे जुळतात का?”

“नाही.”

“कडा कशा आहेत?”

“खाडीच्या कडेसारख्या. इथं आत, तिथं बाहेर.”

“रंग?”

“इकडं काळा, तिकडं तपकिरी. मध्ये थोडा लालसर.”

“वाटाण्याहून मोठा आहे, आणि बदलतोय असं तुम्हीच म्हणालात. या पाच गोष्टी आम्ही बघतो. पाचांतली एक दिसली तरी तीळ डॉक्टरला दाखवायचा असतो.”

“माझ्यात किती?”

“पाच.”

“पैकीच्या पैकी?” हिराजी हसला. “शाळेत कधी मिळाले नाहीत.” मग हसू थोडं खाली आलं. “पण हे उन्हानं होतं ना? तळव्याला कुठलं ऊन?”

“तिथंच सगळे फसतात. गोऱ्या कातडीला हा रोग उन्हाच्या जागी गाठतो. आपल्या सावळ्या कातडीला सावलीच्या जागी जास्त. तळपाय, तळहात, नखाच्या खाली. जिथं कुणी बघत नाही तिथं. माणूस रोज आरशात तोंड बघतो, तळवा कधी बघतो?”

“मी बघायचो की. रोज बघायचो.”

“हो,” शलाका म्हणाली, “पण खूश होऊन.”

हिराजीनं तळवा खाली वळवला आणि पाय जवळ ओढून घेतला.

अडचण पुढं होती. हिराजीची चुगली त्या डागावर निळी पडायला हवी होती. पडली नव्हती. डाग साधा होता म्हणून नव्हे. चुगलीच शिळी झाली होती.

“शिळी म्हणजे?” त्यानं विचारलं होतं.

“तुम्ही घरी दही लावता?”

“लावतो.”

“वर्षानुवर्षं आपल्याच दह्याचं विरजण आपल्याच दुधाला लावलं तर?”

“आंबूस होतं. नुसतं पाणी सुटतं. मग शेजारनं विरजण आणायला लागतं.”

“चुगलीचं तसंच आहे. निळं पडायचं काम तिला अवघड जातं. एकटी राहिली की तिची पिलावळ हळूहळू ते काम टाळायला शिकते, आणि टाळणारेच जास्त वाढतात. पण दुसऱ्या माणसाची चुगली भेटली की दोघी एकमेकींना शिकवण परत देतात. पुन्हा जाग्या होतात. त्यासाठी कातडीला कातडी लागायला हवी. ओझरती नाही, शंभर आकडे मोजेपर्यंत. हातमोज्यातून नाही, डगल्यावरून नाही.”

मग तिनं यंदाच पथकाला मिळालेलं, बिस्किटाच्या डब्याएवढं मशीन त्याच्या मनगटाला टेकवलं. चुगलीच्या किती पिढ्या एकट्यानं गेल्या हे ते मोजतं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी मोठ्यानं बोलतं. मशीन बोललं, “अकरा वर्षं, दोन महिने.”

अकरा वर्षं आणि दोन महिने हिराजीला कुणी शंभर आकड्यांएवढाही हात लावला नव्हता. लग्न त्यानं केलंच नव्हतं. केस स्वतःच कापायचा. आणि गावाशी बोलणं बंद व्हायला कारण झाला तो कबड्डीचा सामना. हिराजीची चढाई होती, शेवटची. तो गड्याला शिवून मध्यरेषेवर परत आला आणि पंचानं गुण दिला नाही. म्हणे बोट लागलंच नाही. हिराजी म्हणाला, लागलं. पंच म्हणाला, नाही लागलं. पंच होता भानुदास, सख्खा भाऊ. हिराजी त्याच मैदानावरून जो निघाला तो थेट मिठागराच्या टोकाला जाऊन राहिला.

“बाय,” त्यानं काल अगदी आशेनं विचारलं होतं, “तुझं मशीन त्या दिवशीचं बोट दाखवील का?”

“नाही हो काका. तेवढ्या स्पर्शाची नोंद होत नाही.”

“मग काय उपयोगाचं नाही ते.”

उपयोग होता, पण अडनिडा. गाडीतली जागा फक्त निळ्या डागाला, असा पथकाचा नियम. शलाकाला डोळ्यांनी डाग वाईट दिसत होता, पण डॉक्टरच्या डोळ्यांना आता कागदावर जागा उरली नव्हती. तिनं काल वरती तीनदा फोन केला होता. तीनदा एकच उत्तर, चुगली काय म्हणते ते बघा. तिच्या स्वतःच्या अंगावर चुगली नव्हती, तपासणाऱ्यांच्या अंगावर ठेवत नाहीत. परक्या माणसाची चुगली रुजायला चार दिवस लागतात. पण ज्याच्याबरोबर एका घरात, एका पांघरुणात लहानपण गेलं, त्याच्या कातडीवरचं जंतूंचं गाव आपल्यासारखंच असतं. त्याची चुगली तासाभरात रुजते. असं माणूस जगात एकच उरलं होतं. ते नवखारचं सरपंच होतं.

भानुदास दारातून आत आला तेव्हा रांगेतल्या पाच-सहा जणांनी वाकून त्याच्या पायांना बोटं लावली. त्याची उंची, त्याच्या मिशा, त्याचं कमी बोलणं, सगळ्यालाच गाव वचकून होतं. मागून वत्सलाबाई, त्याची बायको, पदराला हात पुसत.

“वयनी, तू पण आलीस?” हिराजी म्हणाला. अकरा वर्षांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“भाऊजी, तुमचा पाय बघायला गाव आलंय. मी काय घरात बसू?”

रांगेत चाळीसेक माणसं होती आणि मज्जा बघायला सगळी पुढं सरकली होती. वामन, शाळेचा पहारेकरी, सगळ्यात मोठ्यानं म्हणाला, “हिराजी, पाय धुऊन आलास ना रे?”

“तुझं तोंड धुऊन ये आधी.”

भानुदास भावाकडे न बघता शलाकाला म्हणाला, “कुठं ठेवायचा हात?”

“तळव्यावर. पण हे काका ऐकत नाहीयेत.”

“दादा, तू हात लावायचा नाहीस,” हिराजी म्हणाला. “हात हातात दे. दंडाला धर. पाय नाही.”

“दंडावरून तळव्याला पोचायला आठवडा लागेल,” शलाका म्हणाली. “गाडी बाराला निघते.”

“निघू दे.”

आता भानुदासनं भावाकडे बघितलं. “तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तुझ्या पायातले शिंपल्यांचे तुकडे मीच काढायचो ना? तेव्हा पाप लागलं का?”

“तेव्हा गाव बघत नव्हतं.”

“म्हणजे पाप गावाला लागतं, तुला नाही. डॉक्टरीणबाई, काय ते मशीन लाव आणि मोकळं कर.”

देणाऱ्याचीही चुगली आधी तपासायची असते. वत्सलाबाई जवळ होत्या म्हणून पहिला त्यांचा हात लागला. मशीन बोललं, “तीन दिवस.” बायका हसल्या. तीन दिवसांपूर्वीपर्यंत मुलीची पोरं आलेली होती, दोन्ही आजीच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. मग भानुदासनं मनगट पुढं केलं. मशीननं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला.

“नऊ वर्षं, सात महिने.”

मघाच्या हसणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पाया पडणारी माणसं रोज पन्नास, पण पाया पडायला लागतो तेवढा वेळ मशीन मोजत नाही. नातवंडं आजोबाला घाबरून आजीकडे पळतात. आणि वत्सलाबाई त्याच घरात, त्याच छपराखाली, त्याच्या उजव्या हाताला उभ्या होत्या. त्यांनी खाली फरशीकडे बघितलं.

शलाकानं मशीनच्या आवाजाचं बटण दाबलं. ते पहिल्याच शिबिरात बिघडलं होतं.

हिराजीला अकरा वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती. सगळं गाव समोर, दादा गप्प, तोंडात शब्द आयते तयार. त्यानं दादाच्या कपाळाकडे बघितलं. तिथं झालरीच्या बाहेर घामाचे थेंब आले होते, आणि ते पुसायला दादा हात उचलत नव्हता. हात उचलला तर गाव बघेल म्हणून.

“अकरा विरुद्ध नऊ,” हिराजी मोठ्यानं म्हणाला. “दोन गुणांनी मी जिंकलो. आज तरी पंचगिरी करू नकोस दादा, मशीनचा निकाल आहे.”

पहिला वामन हसला, मग रांग हसली, आणि शेवटी भानुदासच्या मिशा हलल्या. तो खाली फरशीवर बसला, सरपंच, धोतर सावरून, आणि त्यानं भावाचा पाय मांडीवर ओढून घेतला. हिराजीनं डोळे मिटून घेतले. बघवत नव्हतं त्याला.

“पण दोन्ही शिळ्या,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “बाय, शिळ्याला शिळं लावून काय होणार?”

“होऊ शकतं. दोघींनी विसरायच्या गोष्टी वेगवेगळ्या विसरलेल्या असतात. एकीचं उरलेलं दुसरीला मिळतं. नक्की सांगत नाही मी, पण होऊ शकतं.”

“मोज,” भानुदास म्हणाला.

शलाका मोजायला लागली. वीसपर्यंत ती एकटी होती, तिसापासून रांग तिच्याबरोबर मोजायला लागली, साठाच्या पुढं सूर कबड्डीच्या मैदानावरचा झाला. शंभर झाले. शलाका म्हणाली, “झालं.” भानुदासनं हात काढला नाही.

मग वाट बघणं आलं. सव्वा अकरा झाले तरी काही नाही. साडेअकरा झाले, काही नाही. हिराजी नुसता पंख्याकडे बघत होता. पावणेबाराला वत्सलाबाई, ज्यांना चष्मा लागतच नव्हता, वाकून म्हणाल्या, “हे इथं काय दिसतंय?”

डागाची खाडीसारखी जी कड होती, तिच्या आत एक नख रुतेल एवढी निळी रेघ उमटली होती. बघता बघता ती तपकिरी भागाला वळसा घालून पुढं गेली. पण डागाच्या बाहेर गेली नाही. शलाकानं भिंगातून बघितलं, चिमट्यानं मोजलं, गुडघ्याच्या मागं आणि जांघेत दाबून गाठ आहे का बघितलं.

“कॅन्सरच आहे काका. पण वरच्या वर आहे. अजून खाली उतरलेला नाही. कापला की संपला.”

“पाय?”

“पाय राहतो. नख कापण्यापेक्षा थोडं जास्त.”

“मग एवढा वेळ काय घाबरवत होतीस?” हिराजी म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरका निघाला म्हणून त्यानं खोकल्याचं नाटक केलं.

भानुदास उठला. धोतर झटकलं. पुन्हा सरपंच दिसायला लागला. वत्सलाबाई त्याच्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, पण हिराजीला ऐकू गेलं. “मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मशीन कशाला लागतं?” भानुदासनं हातमोजा अर्धा चढवला होता. तो तसाच राहिला.

शलाकानं रांगेकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. चाळीसातली वीस-बावीसच उरली होती. मघाच्या हशाआड बाकीची एकेक करून सटकली होती. “इतकी वर्षं लोक अडाणीपणानं तपासायला यायचे नाहीत,” ती म्हणाली. “आता लाजेनं येणार नाहीत. निळ्या डागाला नाही भ्यायले, आकड्याला भ्यायले.”

“येतील की. गेले नाहीत ते,” हिराजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. “ये, बघ.”

समाजमंदिराच्या मागच्या भिंतीच्या सावलीत, जिथं ऊन पोचत नव्हतं, गाव उभं होतं. हातमोजे काढलेले. डगल्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर. रमाकांत मास्तर आणि त्यांची बायको, ज्यांना कुणी कधी शेजारी बसलेलं बघितलं नव्हतं, एकमेकांची मनगटं पकडून समोरासमोर उभे होते आणि दोघांचे ओठ हलत होते. एक बाई सासूचा दंड धरून होती. सासू म्हणत होती, “किती झाले?” “त्र्याऐंशी.” “तू मध्ये सोडलास, पुन्हा एकपासून.” दोन तरणे भाऊ, एकमेकांकडे पाठ करून, पण हात मागं घट्ट. कुणी हसत नव्हतं. सगळे मोजत होते, मशीन लागायच्या आत घाईघाईनं आकडा कमी करून घेत होते.

“बाय, हे मशीन खरं धरील?”

“धरील.”

“असं धरलेलं पण?”

“जंतूंना काय कळतंय, काका.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हिराजी निळा तळवा टेकू न देता लंगडत बाहेर आला, तर गाडीच्या दाराशी वामन उभा. हातमोजा काढलेला. मघाचा दात काढणारा चेहरा कुठं गेला होता कोण जाणे.

“हिराजी,” तो म्हणाला, “शंभरच आकडे रे. माझ्याकडं कुणी नाही, तुला ठाऊकच आहे.”

हिराजीनं गाडीकडं बघितलं, मग हात दिला. वामनचा तळवा गरम होता, थोडा ओला. वामन मोजायला लागला, अगदी हळू, एकेक आकडा नीट ठेवत. पंधरा. सोळा. हॉर्न पुन्हा वाजला. सव्वीस. सत्तावीस. समाजमंदिरातून शलाकानं हाक मारली. वामननं डोळे मिटले होते.

“वामन, सोड आता,” हिराजी म्हणाला. “मला निघायला पाहिजे.”